त्याग कशास म्हणावा?

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की, ते उच्चारले म्हणजे पुढचा विचार आपोआप थांबतो. ‘त्याग’ हा त्यांपैकी एक होय. अमक्याने तमक्यासाठी मोठा त्याग केला असे म्हटले की ऐकणाऱ्याने मान लववावयाची, क्षणभर स्तब्ध राहावयाचे आणि मग चहाकडे वळावयाचे, असा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला परिपाठ आहे. त्या त्यागाची किंमत काय होती, ती कोणी ठरविली, आणि ती देणाऱ्यास देण्याखेरीज दुसरा मार्ग मोकळा होता की नाही, हे प्रश्न तेथे अप्रशस्त मानले जातात. मीही ते अनेक वर्षे विचारले नव्हते. ज्या प्रसंगाने ते मला विचारावयास लावले तो गिरगावातल्या एका चाळीत घडला; आणि त्यांचा विचार करताना मला साहाय्य झाले ते आफ्रिकेतल्या एका कुरूप उंदराचे. या दोहोंचा संबंध काय, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रसंग माझ्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. आमचे आजोबा १९६१ साली अकस्मात वारले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पाठीवर तीन भाऊ व एक बहीण. टंकलेखन शिकलेली असल्यामुळे तिला एका कचेरीत नोकरी मिळाली, आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दर महिन्याचे पगाराचे पाकीट तिने न फोडता आजीच्या हाती ठेवले. त्या पाकिटांतून भावांची शिक्षणे झाली, धाकट्या बहिणीचे लग्न झाले, वहिन्यांची बाळंतपणे झाली, आजीचे आठ वर्षांचे आजारपण निभावले. दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात आम्हा पुतण्यांपैकी प्रत्येकाला पाढे तिनेच शिकविले. तिचे स्वतःचे लग्न मात्र झाले नाही. ‘झाले नाही’ असेच आम्ही म्हणत आलो. जणू पाऊस झाला नाही, तसे.

तर त्या दिवशी औक्षण झाल्यावर माझे वडील बोलावयास उभे राहिले आणि सद्गदित होऊन म्हणाले, “ताईने आमच्यासाठी सर्वस्वाचा त्याग केला.” आत्या शांतपणे त्यांच्याकडे पाहत होती. दूधवाला येऊन गेला का, असे विचारावे तितक्याच साध्या स्वरात ती म्हणाली, “मला कोणी विचारलं होतं का रे?” सगळे हसले. कोणीतरी ताटे मांडावयास घेतली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही.

हे कोडे घरगुती आहे, तसेच ते शास्त्रीयही आहे. चार्ल्स डार्विन याने १८५९ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा मुंग्या व मधमाश्या यांच्यातील कामकरी वर्गाने त्यास मोठे अडचणीत टाकले होते, व ही अडचण त्याने स्वतःच उघडपणे मांडली. ज्या प्राण्यास संतती अधिक त्याचे गुण पुढे टिकतात, हे त्याच्या सिद्धांताचे सार. मग जो जन्मभर दुसऱ्याच्या पिलांसाठी खपतो आणि स्वतः वंध्य राहतो, असा कामकरी पिढ्यानुपिढ्या टिकतो कसा? निवड ही एकट्या जिवाची नसून कुटुंबाचीही होऊ शकते, असे डार्विनने उत्तर दिले. त्या उत्तरास गणिताचा भक्कम पाया विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६४ साली घातला. सख्ख्या भावंडात आपल्या रक्ताचा सरासरीने निम्मा वाटा असतो, चुलतभावंडात अष्टमांश. म्हणून भावंडे वाढविणे हाही आपलाच अंश वाढविण्याचा एक मार्ग होय. जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावावर या संबंधात एक विनोद सांगितला जातो. एका भावासाठी प्राण द्याल काय, या प्रश्नावर ते म्हणाले म्हणे, की एकासाठी नाही, पण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी देईन. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

हा हिशेब कळला म्हणजे त्यागाचे तेज किंचित उतरते. तीन भाऊ, एक बहीण आणि पुढे आम्ही नऊ भाचे-पुतणे. हाल्डेनच्या त्रैराशिकाने पाहता आत्याचा सौदा तोट्याचा नव्हता, असे कोणी म्हणेल. पण हिशेब ‘कशासाठी’ एवढेच सांगतो. ‘कसे’ ते सांगत नाही. कामकरी राबतो तो खुशीने, की धाकाने, की दुसरे काही करताच येत नाही म्हणून? मधमाशीविषयी हा प्रश्न फारसा उभा राहत नाही, कारण तेथे राणी आणि कामकरी यांची शरीरेच निराळी घडतात. आपल्याप्रमाणे पिलांना दूध पाजणाऱ्या, म्हणजे सस्तन वर्गातील एखाद्या प्राण्यात असा प्रकार आढळला तरच त्या प्रश्नास धार येते. आणि असा प्राणी आहे.

इथिओपिया, सोमालिया व केनिया या देशांतील रखरखीत जमिनीखाली तो राहतो. इंग्रजीत त्यास ‘नेकेड मोल रॅट’ म्हणतात. आपण त्यास निर्लोम उंदीर म्हणू. १८४२ साली रुपेल नावाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. वजन जेमतेम पस्तीस ग्रॅम, अंगावर लव नाही म्हटले तरी चालेल, कातडी गुलाबी व सुरकुतलेली, डोळे जवळजवळ निरुपयोगी, आणि ओठांबाहेर आलेले चार दात, ज्यांनी तो माती खणतो. रूपाचा इतका दरिद्री हा प्राणी इतर बाबतींत मात्र अद्भुत आहे. घरातला उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो; हा तीस वर्षांहून अधिक जगतो. कर्करोग त्यास क्वचितच होतो. हवेत प्राणवायू मुळीच नसला तरी तो अठरा मिनिटेपर्यंत तग धरतो, असे २०१७ साली प्रयोगांनी दिसून आले.

पण आपल्याला प्रयोजन आहे ते त्याच्या कुटुंबाशी. १९७६ साली रिचर्ड अलेक्झांडर हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ व्याख्यानांतून असे सांगत असत की, वाळवीप्रमाणे राणी व कामकरी अशी रचना असलेला सस्तन प्राणी असलाच, तर तो कठीण जमिनीखाली, सुरक्षित बिळात राहणारा व मोठाले कंद खाणारा असावा. हे वर्णन निव्वळ तर्काचे होते. परंतु श्रोत्यांतील एकाने उठून सांगितले की, असा उंदीर आफ्रिकेत खरोखरच आहे. दक्षिण आफ्रिकेत त्यावर आधीपासून काम करीत असलेल्या जेनिफर जार्व्हिस यांनी १९८१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला आणि तर्क खरा ठरला. एका वसाहतीत साधारण सत्तर-ऐंशी, क्वचित तीनशेच्या आसपास उंदीर असतात. त्यांत प्रसवणारी मादी एकच, आणि तिच्याशी संग करणारे नर एक ते तीन. बाकीचे सारे खणतात, कंद शोधतात, माती लोटतात, सापाशी झुंजतात आणि राणीची पिले सांभाळतात. राणी सुमारे सत्तर दिवसांच्या गर्भारपणानंतर एका वेळी सरासरी अकरा-बारा पिले देते, आणि वर्षातून चार-पाच वेळा देऊ शकते. या ओझ्याने तिच्या पाठीचे मणके लांबतात. तिचे शरीरच बदलून जाते.

आता मुख्य गोष्ट. या वसाहतीतील कामकरी माद्या वंध्य नाहीत. त्यांची शरीरे राणीप्रमाणेच मातृत्वाला समर्थ असतात, फक्त त्यांचे गर्भाशय व अंडकोश बालवयातल्यासारखे निद्रिस्त राहतात. अशा एखाद्या मादीस वसाहतीतून उचलून निराळे ठेवले, तर साधारण आठवड्याभरात तिच्या शरीरात जागृती होते. पुढे नर मिळाला की ती आई होते. म्हणजे जन्मभर जिला आपण ‘कामकरी’ म्हणत आलो ती जातीने कामकरी नव्हतीच. ती एका ठिकाणी होती, एवढेच तिचे कामकरीपण.

मग त्या ठिकाणी तिला रोखून धरणारे काय असते? दोन गोष्टी. पहिली आतली. राणी बिळांतून सतत फिरत असते आणि कामकऱ्यांना नाकाने ढकलीत असते. कामचुकार व दूरच्या नात्याचे उंदीर अधिक ढकलले जातात, असे निरीक्षण १९९२ साली प्रसिद्ध झाले. जपानी संशोधकांनी २०१८ साली याहून सूक्ष्म गोष्ट दाखविली. गर्भार राणीची विष्ठा कामकरी माद्या खातात. तिच्यावाटे राणीच्या शरीरातला स्त्रीरस त्यांच्या शरीरात उतरतो, आणि पिलांचा आवाज ऐकताच त्या अधिक ओढीने तिकडे जातात. स्वतःचे मातृत्व निजलेले, पण परक्या पिलांविषयीची माया मात्र जागी केलेली! दुसरी गोष्ट बाहेरची. त्या प्रदेशातली जमीन वर्षाचा बराच काळ दगडासारखी कठीण असते. पाऊस पडून ती ओली झाली तेवढ्यातच खणता येते, आणि कंद एकमेकांपासून फार दूर असतात. एकटा निघालेला उंदीर कंद सापडण्यापूर्वीच उपासाने मरण्याची शक्यता अधिक. तथापि काही थोडे निघतातच. १९९६ साली असे आढळून आले की, वसाहतीत मधूनमधून एखादा चरबीने पुष्ट, कामात मन नसलेला, परक्यांशीच जोडी जमवू पाहणारा उंदीर निपजतो, आणि संधी मिळताच तो बाहेरची वाट धरतो.

आपल्याकडेही याचे एक उदाहरण आहे. दक्षिण भारतात घरांच्या वळचणींना कागदासारखी पोळी बांधणाऱ्या गांधीलमाशीच्या एका जातीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके काम केले. तेथेही कामकरी माशी वंध्य नसते. राणी नाहीशी झाली की एक कामकरीण पुढे सरसावते आणि सुमारे आठवड्याभरात अंडी घालू लागते. त्यांच्या एका प्रयोगात नुकत्याच जन्मलेल्या माश्यांना एकएकट्या ठेवून अन्न पुरविले. त्यांतील साधारण निम्म्यांनी स्वतःचे पोळे बांधून अंडी घातली. उरलेल्या निम्म्यांनी, आडकाठी काहीच नसताना, घातली नाहीत. या प्रयोगाची वाचकांनी आठवण ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. प्राण्यांच्या कहाण्यांवरून माणसांसाठी कायदे काढण्याची खोड फार जुनी व फार धोक्याची आहे. सनातनी वृत्तीचा माणूस म्हणेल, “पाहा, निसर्गातच एकीने प्रसवावे व इतरांनी राबावे अशी व्यवस्था आहे, मग घरातल्या एका मुलीने लग्नावाचून राहून कुटुंब तारले तर त्यात वावगे काय?” उलट बंडखोर वृत्तीचा माणूस म्हणेल, “पाहा, प्रत्येक त्यागाच्या मुळाशी कोणाचे तरी ढकलणे आहे. त्याग म्हणून जगात काही नाहीच.” दोघेही चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात. उंदीर काय करतो यावरून माणसाने काय करावे हे निघत नाही. निसर्गात वस्तुस्थिती आहे. तेथे न्यायही नाही आणि अन्यायही नाही.

मग या उंदराचा आम्हास उपयोग काय? एवढाच की, तो आपली नजर योग्य जागी वळवितो. बाहेरून पाहता स्वखुशीने राबणारी मादी आणि दडपणाने राबणारी मादी यांत काहीच फरक दिसत नाही. दोघींची कामे तीच, पिलांवरची मायाही तीच. फरक कळावयाचा तो दार उघडल्यावर. म्हणून त्यागाची परीक्षा त्याग करणाऱ्याच्या वर्तनात शोधून सापडणार नाही. ती त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत शोधली पाहिजे. दार उघडे होते काय, आणि दाराबाहेरची जमीन खणण्याजोगी ओली होती काय, असे हे दोन प्रश्न आहेत.

गिरगावाच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न एकदा प्रत्यक्ष विचारले गेले आहेत. एकोणिसाव्या शतकातील आपल्या एकत्र कुटुंबांत बालविधवा हा एक ठरलेला कामकरी वर्ग होता. आलवण नेसलेली, केशवपन केलेली ती मुलगी पहाटेपासून स्वयंपाकघरात असे. जावांची बाळंतपणे तिच्याकडे, मुलांची आजारपणे तिच्याकडे, सोवळ्याचा सारा भार तिच्यावर. तिची स्तुतीही होत असे. तिच्या वैराग्याचे गोडवे गाइले जात. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, म्हणजे कागदावर दार उघडले. परंतु त्याच कायद्यान्वये पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात येई. आणि घरातले व गावातले ढकलणे तर होतेच. दार उघडे, पण बाहेर जमीन दगडासारखी! यास्तव कायद्यानंतरची कित्येक वर्षे त्या दारातून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या.

बाहेरची थोडीशी जमीन ओली केली ती पंडिता रमाबाईंनी. ११ मार्च १८८९ रोजी गिरगावच्या चौपाटीनजीक त्यांनी ‘शारदा सदन’ उघडले. तेथे दाखल झालेल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची कोकणातली एक विधवा होती. लहानपणी लग्न, आणि लग्नानंतर काही महिन्यांतच वैधव्य; पुढची उमेदीची वर्षे सासरच्या कामांत गेलेली. तिचे बंधू नरहरपंत जोशी यांनी तिला मुंबईस आणले. पुढे १८९० साली सदन पुण्यास गेले, आणि ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या स्थापनेस बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेस, गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या; तीन मुलांची आई झाल्या; कर्व्यांच्या संस्थेसाठी वर्गणी मिळविण्यास झटल्या; आणि १९४४ साली प्रसिद्ध झालेले ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र त्यांच्या नावावर आहे. त्या विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरूड गावाने उभयतांवर बहिष्कार घातला, हे सर्वश्रुतच आहे.

ज्या घरात त्या राबत होत्या तेथे त्यांना पाहून कोणीही म्हटले असते की, या बाईंचा स्वभावच विरक्त आहे. दार उघडले आणि जमीन ओली झाली तेव्हा निराळे काही दिसून आले. आणि माणूस व उंदीर यांतला भेदही त्याच वेळी दिसला. निराळी ठेवलेली मादी आई होते, आणि तेथे तिची गोष्ट संपते. गोदूबाईंच्या ठायी केवळ मातृत्व जागे झाले नाही. विद्या जागी झाली, आणि जी सेवा पूर्वी त्यांच्याकडून घेतली जात होती तीच त्या आता आपण होऊन इतर विधवांसाठी करू लागल्या. कष्ट कमी झाले नाहीत. कष्टांचे मालक बदलले.

याच कुटुंबात या कथेची दुसरी बाजूही आहे. धोंडो केशवांच्या प्रथम पत्नीचे पुत्र रघुनाथराव यांचा जन्म १८८२ चा. ते चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले, आणि त्यापायी अश्लीलतेचे खटलेही सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. या गृहस्थांनी व त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतःस मूल होऊ द्यावयाचे नाही असे ठरविले, आणि रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करवून घेतली. सावत्र आई मुलांना जन्म देण्याचा हक्क मिळवून सुखी झाली. सावत्र मुलगा तो न बजावण्याचा हक्क मिळवून. एकाच घरातल्या या दोन निवडी परस्परविरुद्ध दिसतात, परंतु त्यांची जात एकच. गदगकरांच्या त्या माश्या येथे आठवाव्यात. आडकाठी दूर केली तर सगळ्यांनी एकाच वाटेने जावे असे नाही. निम्म्या पोळे बांधतील, निम्म्या बांधणार नाहीत. न बांधणाऱ्यांविषयी आपण आदराने बोलू शकतो तो आडकाठी नव्हती म्हणूनच.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते दोन्ही मी स्वतःच घेतले आहेत. पहिला असा की, पूर्ण मोकळी निवड कोणास मिळते? आपली मायाही आपण निवडलेली नसते. ती घराने भरविलेली असते. कामकरी मादीच्या शरीरात राणीचा रस उतरावा तशी घराची संस्कारशिदोरी आपल्यांत उतरते. मग आत्याचे आमच्यावरचे प्रेमही खरे नव्हे काय? या प्रश्नाने मी बराच काळ अस्वस्थ होतो. आता मला असे वाटते की, प्रेम कोठून आले यावरून त्याचा खरेखोटेपणा ठरत नाही. नदीचा उगम चिखलात असला तरी पाणी तहान भागवितेच. तिने मला पाढे शिकविले तेव्हाची तिची माया अस्सल होती. परंतु माया अस्सल आहे म्हणून ती वापरून घेण्याचा परवाना कोणास मिळत नाही. उलट जेथे माया आहे तेथे विचारण्याची जबाबदारी वाढते, कारण मायाळू माणूस न विचारताही देतच राहतो.

दुसरा आक्षेप गरजेचा. १९६१ साली त्या बिऱ्हाडात दुसरा मिळवता कोणी नव्हता. आजी काही वसाहतीची राणी नव्हती. चाळिशीत विधवा झालेली, पाच लेकरांची घाबरलेली आई होती. जिला परिस्थितीने ढकलले होते, तिने मोठ्या मुलीला ढकलले. हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि आजीला दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु गरज ही मागण्याचे कारण होऊ शकते. न मागता घेण्याचे नाही. आणि मोठा काका मिळवता झाला १९६९ साली. आत्या तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. त्या दिवशी घराची गरज संपली होती. सवय संपली नव्हती. आतापर्यंत चालले आहे, पुढेही चालेल, असे सर्वांनी न बोलता ठरविले. खोली मोठ्या काकांच्या नावावर झाली, आत्याची खाट गॅलरीकडच्या भिंतीला लागली, आणि त्या भिंतीलगत तिचे आयुष्य गेले. गिरगावात दुसरी खोली घ्यावी तर एका टंकलेखिकेच्या पगारात ती कोठून मिळणार? बाहेरची जमीन कठीण होती, आणि ती ओली करण्यासाठी मिळवत्या झालेल्या तिघा भावांपैकी कोणीही एक तांब्या पाणी ओतले नाही.

त्या सहस्रचंद्रदर्शनानंतर काही दिवसांनी मी तिला एकटीला गाठून विचारले, “आत्या, विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?” ती पुष्कळ वेळ वाती वळीत राहिली. मग म्हणाली, “हेच केलं असतं बहुतेक. पण मग ते मी केलं असतं.”

यापेक्षा नेमके उत्तर मला नीतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळालेले नाही. आपण तिचे आयुष्य घेतले हा एक अपराध. त्यावर त्यास ‘त्याग’ म्हणून आपण तिचे कर्तेपणही तिच्या नावावर खोटेच मांडले, हा दुसरा. ‘त्याग’ या शब्दावर पहिला हक्क देणाऱ्याचा आहे. आपण त्याग केला असे तिने म्हणावे. आम्ही तो घेणारे, आम्ही ‘ऋण’ म्हणावे. ऋण म्हटले की फेडीचा विचार येतो, आणि म्हणूनच तो शब्द घेणाऱ्याच्या जिभेवर येत नाही. त्यागास मात्र शाल आणि श्रीफळ पुरते.

हा सगळा विचार कदाचित माझ्या वहीतच राहिला असता. परंतु गेल्या पावसाळ्यात आत्या जिन्यावरून घसरली व तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, मात्र यापुढे तिच्याजवळ रात्रंदिवस कोणीतरी हवे असे ठरले. आम्ही सर्व चुलत व आतेभावंडे त्याच खोलीत जमलो. कोणी काही बोलले नाही; पण एकेकाची नजर फिरत फिरत धाकट्या काकांच्या मुलीवर स्थिरावू लागली. ती एकोणचाळीस वर्षांची, अविवाहित, घरी बसून संगणकावर काम करणारी. तिने मान खाली घातली होती. ‘तिला काय, ती मोकळीच आहे’ हे वाक्य कोणाच्या तरी ओठांवर आलेले मला स्पष्ट दिसत होते, आणि लाज वाटते ती याची की, माझीही नजर तिकडेच गेली होती.

खाटेवरून आत्या बोलली. “तिला विचारा. पण आधी, ती नाही म्हणाली तर काय करायचं, ते ठरवा. मग विचारा.”

हा क्रम मला तोवर सुचला नव्हता. मागे पर्याय नसलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. ते नम्रपणे केलेले ढकलणे होय. म्हणून आम्ही आधी पैसे मोजले. दिवसाच्या व रात्रीच्या बाईचा पगार किती, तो नऊ जणांत कसा वाटावा, कोणी कोणत्या वारी यावे, हे कागदावर लिहून काढले. दोघांनी कुरकूर केली, एकाने परदेशातून अधिक देण्याचे कबूल केले. तिचे नाव कोठेही न घेता सारी व्यवस्था पुरी झाली, आणि नंतरच माझ्या वडिलांनी तिला विचारले की, यात तुला काही करावेसे वाटते का. नाही म्हणालीस तरी चालेल.

तिने तो कागद दोनदा वाचला. मग शनिवार आणि रविवार या रकान्यांत तिने आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले.